फायटर बांधताना ताकद की चपळाई? (माझा ‘समतोल’ हिरो गॉब्लिनांकडून मार खाऊन आलाय)

चिंचोका | रविवार, रात्री ११:४७

मंडळी, आत्ताच सेशनवरून घरी आलोय. बूटही काढलेले नाहीत, तोवर धागा काढतोय. मोबाइलवरून टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आम्ही पाच जण दर रविवारी संध्याकाळी कोथरूडला एका मित्राकडे डन्जन्स अँड ड्रॅगन्स (आपापलं पात्र घेऊन टेबलाभोवती फासे टाकत खेळायची गोष्ट) खेळतो. पाचवी आवृत्ती, २०१४ चं पुस्तक. मी अगदी नवखा, हे माझं पहिलंच कॅरेक्टर. माणूस, फायटर, लेव्हल १, नाव भुजंग. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) २७ पॉइंट हातात दिले आणि म्हणाला, वाट हवे तसे. मी विचार केला, योद्धा म्हटला की अंगात जोर हवा, पायात चपळाई हवी, आणि चार फटके खाऊन उभंही राहता आलं पाहिजे. म्हणून स्ट्रेंग्थ (ताकद) १४, डेक्स (चपळाई) १४, कॉन्स्टिट्यूशन (दम) १४. उरलेल्यात विज्डम १२, इंटेलिजन्स १०, करिश्मा ८. आकडा जितका वर तितके जास्त पॉइंट पडतात, १४ ला सात. हिशोब चोख २७. वर माणसाला सगळ्यात एकेक वाढवून मिळतो, म्हणजे १५, १५, १५, १३, ११, ९. कागदावर इतकं देखणं दिसत होतं की फोटो काढून बायकोला पाठवला.

आज पहिली मारामारी. चार गॉब्लिन (बुटके राक्षस), प्रत्येकाचा एसी, म्हणजे वार लागायला रोलने गाठायचा आकडा, १५. भुजंगने सहा वेळा तलवार फिरवली, लागली एकदा. आमच्यातली रोग (चोराचं पात्र) खेळणारी मैत्रीण तेवढ्यात दोघांना लोळवून मोकळी. वर मला म्हणते, “भुजंगराव, तुम्ही आपले दाराशी उभे राहा, वारा तरी अडेल.”

तर प्रश्न असा. ताकद आणि चपळाईचा तोल फायटरने साधायचा तरी कसा? का तो साधायचाच नसतो? डीएम म्हणालाय की पुढच्या रविवारआधी शीट बदललीस तर मी काही बघितलं नाही.

मुंगूस | रविवार, रात्री ११:५८

चिंचोकाभाऊ, तुमचा घात गॉब्लिनांनी नाही केला, विषम आकड्यांनी केला.

खेळात आकड्याला काही किंमत नाही, किंमत मॉडिफायरला, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर पडेल त्यात मिळवायच्या आकड्याला. तो दर सम आकड्याला वाढतो. १४ ला +२, १५ लाही +२, १६ ला +३. तुम्ही सहाच्या सहा आकडे सम ठेवलेत आणि माणसाचा एकेक चढवून सगळे विषम करून टाकलेत. म्हणजे जातीचा तो सगळा लाभ पाण्यात. आधी जे मॉडिफायर होते तेच नंतर. इतक्या नेमाने वाया घालवलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं, दंडवत घ्या.

दुसरं. अंगात काय घातलंय? फायटर म्हणजे बहुतेक चेन मेल. चेन मेलचा एसी १६, बास. त्यात डेक्स धरतच नाहीत. तुमच्या डेक्सचे सात पॉइंट साखळ्यांच्या आत घाम गाळत बसलेत.

उपाय सोपा आहे. ताकद सोडा, डेक्स १६ करा, हातात रेपियर (पातळ तलवार), अंगात स्टडेड लेदर (हलकं चामडी चिलखत). इनिशिएटिव्ह (आधी पाळी कुणाची ते) डेक्सवर, एसी डेक्सवर, धनुष्य डेक्सवर, लपणं डेक्सवर, आगीचा गोळा चुकवणं डेक्सवर. स्ट्रेंग्थवर काय आहे? अ‍ॅथलेटिक्स. एक स्किल. बाकी सामान उचला.

टोणगा | सोमवार, सकाळी ९:१०

आला मुंगूस. प्रत्येक धाग्यावर हीच पुंगी.

चिंचोकाराव, याचं निम्मं खरं आहे, निम्म्याचा हिशोब मी मांडतो. दोघांनाही ढाल देऊ, दोघांनाही ड्युएलिंग स्टाइल (एकहाती शस्त्राच्या इजेला +२) देऊ. रेपियरचा फासा डी८ (आठ बाजूंचा), लाँगसोर्डचा एका हाताने डी८. दोघांचा मॉडिफायर +३. म्हणजे सरासरी ४.५ अधिक ३ अधिक २, दोघांचेही ९.५. मारात काडीचा फरक नाही. आता एसी बघा. स्टडेड लेदर १२, डेक्सचे ३, ढालीचे २, झाले १७. चेन मेल १६, ढालीचे २, झाले १८. म्हणजे पहिल्या दिवशी माझा गडी जास्त सुरक्षित. लेव्हली वाढून डेक्स २० झाला की मुंगसाचे १९ होतात. मी तोवर प्लेट (पूर्ण पत्र्याचं चिलखत) घातलेलं असतं, माझे २०.

आणि मला दोन्ही हातांनी ग्रेटसोर्ड धरायची मुभा आहे. २डी६. रेपियर दोन्ही हातांनी धरलं तरी रेपियरच राहतं.

मुंगूस | सोमवार, सकाळी ९:२६

प्लेटची किंमत सांगायची राहिली वाटतं? १५०० सोन्याची नाणी. स्टडेड लेदर ४५. एका एसीसाठी १४५५ नाणी मोजायची आणि वर लपताना दोन फासे टाकून खालचाच धरायचं डिसअ‍ॅडव्हांटेज. तुमचा गडी गुहेत शिरला की भांड्यांचं दुकान कोसळल्यासारखा आवाज येतो.

खिडकीतली_मांजर | सोमवार, सकाळी १०:०२

रुमाल टाकून ठेवतेय. छान चाललंय.

एक बाळबोध शंका. तलवार डेक्सवर चालते म्हणजे नक्की काय? मला वाटायचं की जवळून मारायचं असेल तर ताकदच लागते.

सारीपाट | सोमवार, दुपारी १:३५

मांजरताई, शंका बाळबोध नाही. हा सगळा वाद तिथूनच सुरू होतो.

मूळ नियम तुम्ही म्हणता तोच. जवळून मारायचं तर स्ट्रेंग्थ, लांबून मारायचं तर डेक्स. काही शस्त्रांवर ‘फिनेस’ असा शिक्का असतो, रेपियर, शॉर्टसोर्ड, सिमिटार, खंजीर वगैरे. ती दोन्हींपैकी हव्या त्या मॉडिफायरवर चालवता येतात, लागायलाही आणि इजा करायलाही. या ‘इजा करायलाही’मध्येच सगळी गोम आहे.

मी दुसऱ्या आवृत्तीच्या झेरॉक्सवर शिकलेला माणूस. तेव्हा डेक्सने तलवार चालायचीच नाही. उलट ताकदीचे लाड इतके की १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीपासून १८ ताकदीच्या फायटरने पुढे शंभरच्या हिशोबाने आणखी एक रोल करायचा. १८/०१ पासून १८/०० पर्यंत. ते दोन शून्य म्हणजे शंभर. ज्याला ते पडले तो पुढे वर्षभर गल्लीतून छाती काढून चालायचा. २००० साली तिसरी आवृत्ती आली, तिच्यात वेपन फिनेस नावाचा फीट (निवडून घ्यायचं खास कौशल्य) होता. तो घेतला की डेक्सवर वार लागायचा, पण इजा ताकदीचीच मोजायची. शिवाय त्यासाठी एक फीट खर्च व्हायचा. हा सौदा मला अजूनही रास्त वाटतो. २०१४ मध्ये फीटही गेला आणि इजाही डेक्सवर आली. फुकटात. मुंगूस जे म्हणतो ते त्या पुस्तकापुरतं खरं आहे, त्याआधीच्या चाळीस वर्षांत तो उपाशी मेला असता.

मुंगूस | सोमवार, दुपारी १:५०

काका, मी आताच खेळतोय ना पण. :)

बरं, ग्रेटसोर्डचा विषय निघालाच आहे तर आकडेच मांडतो. लेव्हल ५, दोघांचा मुख्य मॉडिफायर +४, लागायला +७. टोणग्याकडे ग्रेट वेपन मास्टर, माझ्याकडे शार्पशूटर. दोन्ही फीटमध्ये तोच सौदा, लागायला ५ कमी, इजा १० जास्त. समोरच्याचा एसी १४.

टोणगा: १२ किंवा वर पडायला हवेत, म्हणजे ४५ टक्के. ग्रेट वेपन फायटिंग स्टाइलमध्ये १ आणि २ पुन्हा टाकता येतात, त्यामुळे २डी६ ची सरासरी ७ ऐवजी ८.३३. अधिक ४, अधिक १०. एकूण २२.३३ चे ४५ टक्के, म्हणजे १०.०५.

मी: आर्चरी स्टाइलचे लागायला +२ जास्त, म्हणून १० पडले तरी चालतात, ५५ टक्के. लाँगबो डी८, सरासरी ४.५, अधिक ४, अधिक १०. १८.५ चे ५५ टक्के, म्हणजे १०.१८.

क्रिटिकल (२० पडल्यावरची जादा इजा) दोघांचेही सोडलेत. मार सारखाच. फरक इतकाच की टोणगा ओग्रच्या तोंडासमोर उभा आहे आणि मी १५० फुटांवर झाडामागे.

टोणगा | सोमवार, दुपारी २:१५

झाडामागे उभं राहणाऱ्याच्या पोवाड्यात काय गायचं?

कवडी | सोमवार, रात्री ८:४०

अवांतर आहे, आधीच क्षमस्व.

मी ही गेम खेळत नाही, भाऊ खेळतो. कोल्हापूरला मर्दानी खेळाच्या आखाड्यात जाते, दांडपट्टा चालवते. वरचं सगळं वाचून गंमत वाटली, कारण तुम्ही दोघं ज्याची वाटणी करताय ते अंगात वेगळं काढताच येत नाही. पट्ट्याची मूठ म्हणजे लोखंडी हातमोजाच. हात कोपरापर्यंत आत जातो, मनगट जवळजवळ बांधलं जातं. रेपियरवाल्यासारखी मनगटाची करामत तिथे नाहीच. वार खांद्यातून आणि कमरेतून येतो, आणि पवित्रा चुकला की खांदा कितीही दणकट असो, पातं भलतीकडे जातं. पहिले कित्येक महिने आम्हाला नुसते पाय टाकायला लावले होते. तळहातावरचं लिंबू कापणारे आमचे वस्ताद दिसायला किडकिडीत आहेत, पण त्यांनी धरलेली काठी मला दोन्ही हातांनी हलवता येत नाही. त्यांना तुम्ही काय देणार, स्ट्रेंग्थ की डेक्स?

आणि धनुष्य चपळाईवर? ‘मेरी रोझ’ हे इंग्लंडचं जहाज १५४५ मध्ये बुडालं आणि १९८२ मध्ये वर काढलं. त्यात सापडलेल्या धनुष्यांची ओढ १०० पौंडांपासून पुढे १८० पौंडांच्या आसपास धरतात. ते ओढायला हरणाचे पाय कामाचे नाहीत, रेड्याची पाठ लागते.

टोणगा | सोमवार, रात्री ८:४४

ताई, तुम्ही या धाग्यावर रोज येत जा.

मुंगूस | सोमवार, रात्री ९:०५

कवडीताई, आवडलं, आणि वस्तादांना नमस्कार. पण एक सांगतो. याच न्यायाने टोणग्याचं चिलखतही उतरवावं लागेल. खरं प्लेट चिलखत २०-२५ किलोंचं असायचं आणि वजन सगळ्या अंगावर विभागलेलं. बुसिको नावाचा फ्रेंच सरदार चिलखतासकट कोलांट्या मारायचा असं त्याच्या चरित्रात लिहून ठेवलंय. म्हणजे खऱ्या चिलखतातही चपळाई चालायची, खेळात मात्र शून्य. नियम वास्तवाला धरून नाहीत, दोन्ही बाजूंनी नाहीत.

एडिसनकर | सोमवार, रात्री ११:२० (इकडे दुपार)

उशिरा आलो. न्यू जर्सीतून हजेरी.

एकाच गेमवर भांडताय म्हणून सांगतो, हा प्रश्न बाकीच्यांनी आपापल्या परीने सोडवलाय. पाथफाइंडर या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत (२०१९) फिनेस शस्त्र डेक्सवर लागतं, इजा मात्र ताकदीची. अपवाद एक, चोराच्या वळणाचा रोग. म्हणजे सारीपाटकाकांचा रास्त सौदा तिथे अजून जिवंत आहे. गर्प्स नावाच्या खेळाची तऱ्हा तर अगदी वाण्याची. चौथ्या आवृत्तीत ताकदीची एक पायरी १० पॉइंटला, डेक्सची २० ला. डेक्सचा उपयोग जास्त ना, मग दामही दुप्पट. वाद मिटला. डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये दोन्ही एकाच भावाने विकतात, म्हणून गिऱ्हाईक एकाच गाळ्यावर गर्दी करतं.

आम्ही आता २०२४ चं पुस्तक वापरतो. त्यात ते ५ वजा १० अधिक दोन्ही फीटमधून काढून टाकलंय, त्यामुळे मुंगसाचं झाड बरंच खाली आलंय. शिवाय वेपन मास्टरी आलीये. मॉलने (मोठ्या हातोड्याने) मारलं की समोरचा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (बचावाचा रोल) चुकला तर आडवा, ग्रेटसोर्ड चुकली तरी ताकदीच्या मॉडिफायरइतकं खरचटतं. आणि सगळ्यात धमाल म्हणजे लेव्हल ३ चा बार्बेरियन (रानटी योद्धा) रेजमध्ये असताना स्टेल्थचा रोल स्ट्रेंग्थवर करू शकतो. आमच्या टेबलवर एकाने रागाने थरथरत पडद्यामागे लपून दाखवलंय.

सारीपाट | मंगळवार, सकाळी ७:५५

एडिसनकरांचा वाणी आवडला.

काल आकडे खूप झाले, आज जरा टेबलाकडे वळतो. मी बरीच वर्षं डीएम आहे. माझा अनुभव असा की ताकद स्वस्त वाटते कारण डीएम ती फुकट वाटतात. एक प्रसंग सांगतो.

मागच्या कॅम्पेनमध्ये एक मुलगा मुंगूसछाप धनुर्धारी घेऊन आला. स्ट्रेंग्थ ८. मी सेशन झीरोलाच (खेळाआधीच्या बैठकीत) सांगितलं होतं की आपल्याकडे वजनाचा पर्यायी नियम चालू आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या, वाचला कुणीच नाही. दुसऱ्या सेशनला मी कागद मागितला आणि सगळ्यांसमोर बेरीज केली. स्टडेड लेदर १३ पौंड. एक्सप्लोरर्स पॅक ५९, कारण त्यात दहा दिवसांची शिदोरी, दहा मशाली, अंथरूण, पाण्याची पिशवी आणि पन्नास फूट दोर असतो. ढाल ६, रेपियर २, धनुष्य २, भाता आणि बाण २. एकूण ८४. त्या नियमात ताकदीच्या पाचपटीपुढे गेलात की वेग १० फुटांनी कमी, दहापटीपुढे गेलात की २० फुटांनी कमी, आणि वर ताकद, डेक्स, कॉन्स्टिट्यूशनच्या रोलना डिसअ‍ॅडव्हांटेज. याची दहापट ८०. चार पौंडांनी गेला बिचारा. तिशीचा वेग दहावर. त्या धावत्या वाऱ्याला आमचा बुटका क्लेरिक (मंत्र म्हणणारा पुजारी) मागे टाकत होता.

तो लगेच म्हणाला, मशाली टाकतो. मी म्हटलं, टाक, पुढे अंधारी गुहा आहे.

त्याच गुहेत पूल कोसळलेला होता. बारा फुटांची फट. धावत येऊन लांब उडी मारली तर जितकी स्ट्रेंग्थ तितके फूट, रोलही करायचा नाही. १६ ताकदीचा फायटर हसत पलीकडे. ८ वाला काठावर उभा. डेक्स १८ आणि उडी आठ फूट. त्याचा चेहरा अजून आठवतो. शेवटी फायटर परत आला, दोराचं एक टोक कमरेला बांधून पुन्हा पलीकडे गेला, आणि त्याला गाठोड्यासारखा ओढून घेतला.

म्हणून चिंचोका, बिल्ड करण्याआधी तुमच्या डीएमला तीन गोष्टी विचारा. वजन मोजतोस का? उड्या, चढणं, दारं फोडणं येतं का? शत्रू टेबलाच्या दुसऱ्या टोकाला असतात की नाकासमोर? तिन्हींना ‘नाही रे, चालतं’ असं उत्तर आलं तर गुमान मुंगसाचं ऐका.

मुंगूस | मंगळवार, सकाळी ८:३०

काका, प्रसंग झकास, पण त्याच नियमाने प्लेटवाल्याचीही बेरीज करा की. प्लेट ६५, पॅक ५९, ग्रेटसोर्ड ६. झाले १३०. १६ ताकदीची पाचपट ८०. म्हणजे तोही दबलेलाच.

सारीपाट | मंगळवार, सकाळी ८:४१

दबलेला आहे, पण पहिल्याच पायरीवर. त्याची दहापट १६०. वेग वीस, डिसअ‍ॅडव्हांटेज नाही. ओझं दोघांनाही आहे, वाकला एकच.

टोणगा | मंगळवार, सकाळी ११:०५

आता माझी लाडकी गोष्ट सांगतो, कारण मुंगूस ती मुद्दाम सांगणार नाही. ग्रॅपल.

आमचं घर कुस्तीवाल्यांचं, आजोबा लाल मातीतले, त्यामुळे पुस्तक हातात आल्यावर मी आधी तेच पान उघडलं. २०१४ च्या नियमात एका हल्ल्याच्या बदल्यात समोरच्याला धरता येतं. तुमचा अ‍ॅथलेटिक्सचा रोल, त्याचा अ‍ॅथलेटिक्स किंवा अ‍ॅक्रोबॅटिक्सचा. एसी बघायचाच नाही. धरला की त्याचा वेग शून्य. पुढच्या हल्ल्याला ढकलून आडवा पाडा, पुन्हा तोच रोल. आता मजा बघा. आडव्याला उठायला निम्मा वेग खर्च करावा लागतो. वेगच शून्य, मग उठणार कुठून? पाच फुटांतल्या सगळ्यांना त्याच्यावर अ‍ॅडव्हांटेज, आणि त्याचे स्वतःचे फटके डिसअ‍ॅडव्हांटेजने. चीतपट केलेला पैलवान आणि वर बसलेले तुमचे चार सोबती.

गॉब्लिनचा एसी १५, पण अ‍ॅक्रोबॅटिक्स फक्त +२. तुमची ताकद १६ आणि अ‍ॅथलेटिक्स शिकलेलं असेल तर तुमचे +५. तलवारीपेक्षा हात बरा.

मर्यादा आहेत. तुमच्यापेक्षा एक माप मोठ्यापर्यंतच धरता येतं, म्हणजे ओग्र चालेल, ड्रॅगनच्या शेपटीला लोंबकळू नका. एक हात मोकळा लागतो. आणि झाडामागच्या तिरंदाजाला आडव्या शत्रूवर डिसअ‍ॅडव्हांटेज मिळतं, याचा मला मनापासून आनंद आहे.

खिडकीतली_मांजर | मंगळवार, सकाळी ११:३०

वाचनखूण साठवली आहे. म्हणजे तोल असा नसतोच? एक कायतरी निवडायचं?

सारीपाट | मंगळवार, रात्री १०:१५

असतो, पण निम्मा-निम्मा नसतो. चिलखत ठरवतं.

जड चिलखतात डेक्स धरत नाहीत. तिथे डेक्स १० किंवा १२ पुरे, तेही इनिशिएटिव्ह आणि सेव्ह अगदीच रडके होऊ नयेत म्हणून. हलक्या चिलखतात सगळा डेक्स धरतात, तिथे तो जितका चढवाल तितका थोडा, मग ताकद १० ठेवा. ८ नको, गुहेतला किस्सा आठवा. मधलं चिलखत, म्हणजे ब्रेस्टप्लेट, हाफ प्लेट वगैरे, डेक्सचे फक्त +२ पर्यंत धरतं. म्हणून तिथे डेक्स १४ आणि हात वर. चिंचोकाला जो समतोल हवाय त्याचं घर हे. हाफ प्लेट १५ अधिक २ म्हणजे १७, प्लेटपेक्षा एकच कमी, किंमत निम्मी, ७५० नाणी.

आणि तो समतोल सर्वात खुलतो बार्बेरियनला. त्याच्या रेजची जादा इजा फक्त ताकदीच्या हल्ल्यालाच मिळते, म्हणून ताकद सोडता येत नाही. जड चिलखत घातलं तर रेजचे फायदेच जातात, म्हणून डेक्सही सोडता येत नाही. ताकद १६, डेक्स १४, कॉन १६ आणि बाकी डोक्याच्या नावाने शंख. या खेळातला खरा दुहेरी पैलवान तो.

पण तुम्ही फायटर आहात आणि चेन मेल अंगावर आहेच. तेव्हा माझं ऐका: स्ट्रेंग्थ १५, डेक्स ११, कॉन १५, इंटेलिजन्स ९, विज्डम १३, करिश्मा ८. खर्च ९, ३, ९, १, ५, ०. बेरीज २७. माणसाचा एकेक चढवला की १६, १२, १६, १०, १४, ९. करिश्मा सोडून एकही वाया नाही. तुमच्या जुन्या शीटच्या मॉडिफायरची बेरीज ६ होती, याची ८. प्रोटेक्शन वगैरे स्टाइल विसरा, डिफेन्स घ्या, एसी १७. आणि टोणग्याचं अ‍ॅथलेटिक्स नक्की घ्या.

एक मात्र सांगून ठेवतो. सहापैकी एक लागली, त्यातलं बरंचसं नशीब होतं. जुन्या शीटवर लागायची शक्यता ५० टक्के होती, नव्यावर ५५ होईल. फासे अजूनही फासेच आहेत.

चिंचोका | रविवार, रात्री ११:३२

मंडळी, वृत्तांत.

काकांचं शीट जसंच्या तसं घेतलं. डीएमला तिन्ही प्रश्न विचारले. वजन मोजत नाही म्हणाला, उड्यांबद्दल “येतील”, आणि शत्रूंबद्दल नुसता हसला.

आज गॉब्लिनांचा म्होरक्या म्हणून बगबेअर आला. एसी १६. पहिल्या दोन फेऱ्या तलवार हवेत. (५५ टक्के काका? ५५ टक्के? आणि एसी १६ ला तर ५०.) तिसऱ्या फेरीला त्याने मॉर्निंगस्टार (काटेरी गदा) घातला, इजा ११. भुजंगचे जिवाचे एकूण पॉइंट १३, उरले २. मैत्रीण म्हणाली, मागे हो. तेवढ्यात बगबेअरच दाराकडे पळायला निघाला, बाकीच्या टोळीला हाक मारायला. आणि दाराशी कोण उभं होतं? मागच्या रविवारपासून नेमून दिलेली जागा.

ढाल नव्हतीच, तलवार टाकली, म्हटलं धरतो. फासा दिवाणाखाली गेला. सगळे जमिनीवर पालथे, मोबाइलचे टॉर्च. पडले होते १४, अधिक ५, १९. डीएमचे ९ अधिक २. धरला! पुढच्या फेरीत मला आणखी एक फटका खायचा होता, पण त्याचे १७ आले आणि डिफेन्समुळे एसी... १७. म्हणजे लागला. भुजंग आडवा. मी आडवा म्हणजे पकड सुटली, बगबेअर सुटला, टोळी आली.

क्लेरिकने उठवलं शेवटी. जिंकलो कसेबसे. पण त्या एका फेरीत बाकी तिघांनी त्याला इतकं कुटलं होतं की टोळीला हाक मारून झाल्यावर तो दोन पावलंच चालला. घरी निघताना डीएमच्या आईने डब्यात चकल्या देताना विचारलं, “तो बगबेअर का कोण, त्याला धरलंस तो तूच का?”

टोणगाराव, पकडताना मागे कोण बरं करणारा आहे ते आधी बघायचं, हे पोस्टमध्ये नव्हतं.

टोणगा | रविवार, रात्री ११:३९

आजोबांनी मलाही सांगितलं नव्हतं.

मुंगूस | रविवार, रात्री ११:४१

१५० फूट. एवढंच बोलतो.

खिडकीतली_मांजर | सोमवार, सकाळी ९:२०

मी येत्या शनिवारी पहिल्यांदा खेळणार आहे, क्लेरिक. तिला जड चिलखत मिळतंय, पण हातोडा चालवू की नुसते मंत्र म्हणू ते कळत नाहीये. स्ट्रेंग्थ किती ठेवू?

सारीपाट | सोमवार, सकाळी ९:३१

वेगळा धागा काढा, येतो.